कामिनीच्या नावाचा धूमकेतू

आकाशाचे फोटो काढायला रात्रभर जागावं लागतं, ही जुनी समजूत झाली! माझी दुर्बीण गच्चीवर एकटी फोटो काढते आणि मी खाली पंख्याखाली घोरतो. सगळं आपोआप! ब्राह्मणपुरीच्या शाळेत मी विज्ञान शिकवतो म्हणून फुशारकी मारत नाही, पण अख्ख्या शहादा तालुक्यात असं यंत्र दुसऱ्या कुणाच्या गच्चीवर असेल तर दाखवाच!

मोटरचा स्टँड ताऱ्यांबरोबर हळूहळू सरकतो, कॅमेरा फोटो काढतो आणि लॅपटॉप दोघांवर मुकादमी करतो. मेख एकच. ज्या दीर्घिकेचा फोटो चाललाय ती आकाशाची मधली रेषा ओलांडून पश्चिमेला कलली, की दुर्बिणीचं नळकांडं स्टँडच्या पायाला धडकायची भीती. म्हणून त्या वेळी स्टँड स्वतःच मोठी गिरकी घेतो, नळकांडं दुसऱ्या बाजूला नेतो आणि तीच दीर्घिका पुन्हा शोधतो. याला म्हणतात मेरिडियन फ्लिप. ही गिरकी फसली की रात्र वाया!

आणि माझी फसली. पहिल्या रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी लॅपटॉपवर लाल अक्षरं : ‘फ्लिप अयशस्वी’. दुसऱ्या रात्री बारा वाजून सहा मिनिटांनी पुन्हा तेच!

मी वायरी बदलल्या, घड्याळ जुळवलं, स्टँडचं तोंड उत्तरेला नीट लावलं. धुळ्याचा माझा मित्र नवनीत फोनवर म्हणाला, “वजनाचा तोल बघ.” तोही बघितला. गच्चीवर उकाड्यामुळे माझे वडील, नाना, खाट टाकून झोपतात. त्यांनाही विचारलं, “नाना, रातले यंत्रले कोनी हात लावस का?”

“कोन लाई? मी शे ना!” नाना म्हणाले. मी निर्धास्त झालो.

कामिनी मात्र पेटली. माझी बायको बोलायला लागली की दुसऱ्याने मुकाट्याने ऐकायचं असतं. “आयतवारलगून एक बी फोटो नही ऊना, तं तुम्हनी दुर्बीण माळ्यावर! मन्ह्या कुरडाया कथा टाकू मी?”

कुरडया वाळवायची गच्ची माझ्या दुर्बिणीने अडवली होती. आमच्या घरात माळ्यावर गेलेली वस्तू पुन्हा खाली आल्याचा इतिहास नाही!

तिसऱ्या रात्री मी एक हुशारी केली. फ्लिप फसला तरी फोटो काढत राहा, असा लॅपटॉपला हुकूम दिला. सकाळी बघतो तर काय! बारा वाजून दोन मिनिटांच्या एका फोटोत पांढरा, धूसर, लांब शेपटीचा गोळा! धूमकेतू! नवा कोरा धूमकेतू!

“कामिनी! याले तुन्हं नाव देसू मी!”

कामिनी चक्क लाजली. लग्नानंतर प्रथमच! दुपारपर्यंत तिने सगळ्या गल्लीला आवतण दिलं. शनिवारी रात्री आमच्या ओसरीत पंचवीस माणसं बसली. गच्चीवरचा लॅपटॉप मी टीव्हीला जोडून दिला. दर दहा सेकंदांनी नवा फोटो. वर जायची गरजच काय? नाना वर शांत झोपले होते.

अकरा अठ्ठावन्न. स्टँड फिरायला लागला. पडद्यावर चांदण्यांच्या रेघा उमटल्या, मग अंधार, मग...

“तो पाहा!” मी ओरडलो. पांढराशुभ्र धूमकेतू! टाळ्या! कामिनीने पदर सावरला.

पुढचा फोटो आला. धूमकेतू सरकला होता. त्याच्या पुढच्या फोटोत धूमकेतू वाकला!

“वं माय!” शेजारच्या कोकिळा मावशी म्हणाल्या. “धूमकेतूले पाय बी ऱ्हातस का?”

तेवढ्यात गच्चीवरून आवाज आला, “हो! हो! उभी ऱ्हाय! कथी चालनी?”

आम्ही पंचविसच्या पंचवीस जण जिन्याने वर धावलो. मी दारातच थिजलो! नाना धोतर सावरत दुर्बिणीला मानगुटीला धरून मागे रेटत होते. स्टँडच्या तोल साधणाऱ्या दांडीला बैलाचं दावं बांधलं होतं आणि त्याचं दुसरं टोक नानांच्या पायाच्या अंगठ्याला!

“नाना! हाई काय करी ऱ्हायनात?”

“तूच सांगं व्हतं ना पहिल्या दिवशी, इनावर ध्यान ठेवा म्हनीसन!” नाना उलट माझ्यावरच खेकसले. “रोज रातले दावं हिसकाडीसन पळस ही! मी उठस, धरीसन जागावर आनस. आनि चार मिनिट आगोदर उठस बरं रोज! चांगलं जनावर नही हाऊ!”

मी मटकन खाटेवर बसलो. तारे रोज चार मिनिटं आधी मधली रेषा ओलांडतात, हे मी नववीच्या वर्गात वर्षानुवर्षं घसा फोडून सांगतोय. एकाही पोराच्या डोक्यात शिरलं नाही. नानांना ते पायाच्या अंगठ्याने समजलं होतं!

गल्ली हसत हसत घरी गेली. कामिनीने रात्रीच माळ्याची शिडी काढली. हे वाईट लक्षण.

रविवारी सकाळी दुर्बीण माळ्यावर गेली. गच्चीभर कुरडया पसरल्या होत्या आणि त्यांच्या वर, दोरीवर, नानांचं धुतलेलं धोतर फडफडत होतं.

“ऐकतस का?” कामिनी जिन्यातून म्हणाली. “तुम्हना धूमकेतू वाळत टाकेल शे. सांजले घडी करी ठेवा.”

ठेवली. काय करणार!