रशियन गाढवाच्या पोटातला खट्

या प्रकरणात शामकलाबाईंना काय मिळणार होतं ते आधी सांगून टाकलेलं बरं, कारण दुर्गाप्रसादांना काय मिळणार होतं ते दुर्गाप्रसाद स्वतःच गावभर सांगत होते. शामकलाबाईंना मिळणार होते रोजचे चार तास. सकाळी नऊ ते दुपारी एक. या चार तासांत नवरा घरात नाही. म्हणजे त्याचं खाकरणं नाही, सुपारी कातरणं नाही, टीव्हीवर बातम्या वाचणाऱ्या बाईची उलटतपासणी घेणं नाही. मीटर वाचायच्या नोकरीतून निवृत्त झालेला माणूस घरात बसला की किती जागा व्यापतो, हे ज्या बाईनं तीन वर्षं पाहिलंय, तिलाच त्या चार तासांचं मोल कळेल.

दुर्गाप्रसाद रहांगडाले यांच्या मते ते निवृत्त झालेच नव्हते. नोकरी हा अभ्यासक्रम होता, धंदा आता सुरू झाला होता.

"तेहतीस वर्षं मी लोकाइच्या घरात शिरलो, दिवसाढवळ्या," ते सांगत. "कोनाच्या घरी किती दिवे, कोनाचा पंखा कोनासाठी फिरून राहिला, मले सारं मालूम. मीटर वाचता वाचता मी मानसं वाचाले शिकलो. असा मेंदू जिल्ह्यात दुसरा नाही. असता त मले मीटरवर दिसला असता."

दारावर त्यांनी पाटी लावली होती: 'दुर्गाप्रसाद रहांगडाले, खाजगी गुप्तहेर. मुद्देमाल जप्त केला जाईल. बेल बिघडली आहे.' आजवर त्यांच्याकडे तीन प्रकरणं आली होती आणि तिन्ही सुटली होती. उदारामची शेळी संध्याकाळी आपणहून घरी आली तेव्हा एक सुटलं. बाकीची दोनही अशीच, आपापली.

चौथं प्रकरण गुरुवारी सकाळी आलं. चैतरामचा मुलगा प्रफुल अंगणात येऊन उभा राहिला. डोळे लाल, गळ्यात हेडफोन, बगलेत लॅपटॉप. बिरसीच्या धावपट्टीवरून उठलेलं शिकाऊ विमान घरघरत डोक्यावरून गेलं. कोणी वर पाहिलं नाही. प्रफुलनं तर नाहीच; नव्वद वर्षांपेक्षा नवं विमान त्याच्या लेखी विमानच नव्हतं.

"काकाजी, माह्या विमानात कोनीतरी आहे," तो म्हणाला.

दुर्गाप्रसादांनी कमरेच्या पिशवीतून अडकित्ता काढला. विचार सुरू करण्याची त्यांची ती पद्धत होती. "बस. पहिलेपासून सांग. विमान कोनाचं?"

"रशियाचं जी. आय-सोळा. लढाईच्या विमानाचा एक खेळ आहे कम्प्युटरवर. जगातले लोक मिळून त्याच्यात जुनी विमानं बनवून टाकतात. मी हे आठ महिन्यांपासून बनवून राहिलो. एकेक खिळा, एकेक काटा. रशियात लोक याले लाडानं गाढव म्हनत."

"काऊन?"

"बुटकं आहे, अना अडेल आहे. चाक आत घ्याचं त पायलटले चव्वेचाळीस वेळा दांडा फिरवा लागे. मी तो दांडाही केला. हात घासून घासून त्याचा रंग उडला, तेही केलं."

स्वयंपाकघराच्या दारातून शामकलाबाई ऐकत होत्या. हे विमान त्यांना थोडंसं ठाऊक होतं. जुन्या विमानांच्या पंखांवर कापड ताणून बसवलेलं असतं म्हणून प्रफुलनं दिवाळीच्या सुमारास त्यांचं एक जुनं सुती लुगडं मागून नेलं होतं. भाताच्या पेजेत बुडवून, बाजेवर ताणून त्यानं त्याचे फोटो काढले आणि तेच सूत रशियन पंखावर चढवलं. लुगडं परत आलं ते इतकं कडक की भिंतीला टेकवून उभं करता आलं.

"बरं. मंग गाढवाले झालं काय?" दुर्गाप्रसादांनी विचारलं.

झालं होतं ते असं. विमानाला आवाज लागतो. रशियन इंजिन गोंदिया जिल्ह्यात मिळणार कुठून? प्रफुलनं शालीकरामच्या धानगिरणीतलं जुनं डिझेल इंजिन पकडलं. इंजिन भंगारात जाऊन तिथं विजेची मोटर बसायची होती. शेवटच्या दिवशी निरोपाला अर्धं गाव जमलं, आणि त्या गर्दीत प्रफुलनं सात मिनिटांचा आवाज टिपून घेतला. रशियन इंजिनाला सिलिंडर नऊ, शालीकरामच्या इंजिनाला एक. म्हणून त्यानं तोच आवाज नऊ वेळा एकमेकांवर चढवला. इंजिन असं गरजलं की परदेशातल्या मंडळींनी टाळ्यांची चित्रं पाठवली. मग पोलंडच्या आवाज तपासणाऱ्या माणसानं लिहिलं: सगळं छान, पण आत काहीतरी 'खट्' वाजतंय. खरं विमान असतं तर दोन मिनिटांत खाली आलं असतं.

"इंजिन त भंगारात तुटलं," प्रफुल म्हणाला. "दुसऱ्यांदा टिपता येत नाही. आवाज पुसता येते, पन पुसाचा त तो आवाज आधी एकटा, साफ पायजे. तो कशाचा, हेच मालूम नाही. रविवारी साऱ्या जगाचा माल खेळात एकत्र होऊन राहिला. माहं नाही गेलं त दुसऱ्याचं जुनं आय-सोळा जाईल. अना बाबूजीनं सांगतलं, रविवारी नाव नाही आलं त सोमवारपासून शालीकरामकाकाच्या गिरनीवर पोती मोजाले बसाचं."

दुर्गाप्रसादांनी सुपारीचं खांड गालात सरकवलं. "मी होतो तिथं. इंजिनपासून चार हातावर. सात मिनिटं हाललो नाही. अना मी तुले शपथेवर सांगतो, खट् असा आवाज तिथं झालाच नाही."

"पन आहे जी!"

"म्हनजे तो नंतर घातला गेला. हे साधं प्रकरण नाही पोरा." फीबद्दल त्यांचं म्हणणं साधं होतं. विमान बनवणाऱ्यांच्या यादीत आपलंही नाव यावं, मुख्य गुप्तहेर म्हणून. पोलंडमध्ये त्यांना अजून कोणी ओळखत नव्हतं.

ते हेडफोन चढवून प्रफुलबरोबर निघाले. शामकलाबाईंनी दार लावलं, पंखा सुरू केला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा एक अख्खी मालिका पाहिली.

एकच्या ठोक्याला दुर्गाप्रसाद जेवायला आले ते बगलेत शालीकरामची धान मोजायची पायली घेऊनच.

"शालीकराम गुन्हेगार आहे. इंजिन गेलं म्हनून त्याच्या मनात राग. पायली मोजून झाली की तो तिले चापट मारते. खट्!"

मागोमाग शालीकराम आलाच. "दुर्गाप्रसादजी, सीधी बात करा. इंजिन सुरू होतं तेव्हा मी त्याच्या गळ्यात हार घालाले उभा होतो. माह्या दोन्ही हातात हार होता. पायली कोन वाजवन, माहा बाप?"

"त्याचाही तपास होईल," दुर्गाप्रसाद वरणभात कालवत म्हणाले. "पायली सध्या जप्त आहे."

"वैनी, यायले काही सांगा न!"

"एक वाजेपर्यंत मी काही सांगत नाही, भाऊजी," शामकलाबाई म्हणाल्या. "अना एकनंतर माही झोपाची वेळ."

शुक्रवारी तपासानं उंची गाठली. गिरणीमागच्या मोहाच्या झाडावर सुतार पक्षी आहे, असं दुर्गाप्रसादांना कळलं. ते झाडाखाली खुर्ची टाकून तीन तास बसले. पक्ष्यानं एकदाही चोच मारली नाही. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की तो सावध झाला आहे. बाराला पक्षी उडून गेला, तेव्हा त्यांनी वहीत त्याच्यापुढे 'फरार' असं लिहिलं. उदारामच्या सायकलची घंटी त्यांनी जाता जाता, केवळ संशयावरून, काढून आणली.

पण दुपारच्या जेवणाला जे आलं ते त्याहून मोठं होतं.

"अवो, तो पायलट दांडा किती वेळा फिरवे?"

"चव्वेचाळीस," शामकलाबाईंना पाठ झालं होतं.

"मी सात मिनिटातले खट् मोजले. त्रेचाळीस!" दुर्गाप्रसादांचा घास हातातच राहिला. "समजलं? एक फेरी कमी! त्यानं एक फेरी खाल्ली. चाक अर्धं बाहेर लटकून राहिलं, तेच हवेनं खट्खट् वाजून राहिलं!"

"पन जी, आवाज त शालीकरामभाऊजीच्या गिरनीतला न?"

"हो. तेवढी एक अडचन आहे," दुर्गाप्रसाद म्हणाले आणि त्यांची नजर चुलीजवळ ठेवलेल्या पितळी खलबत्त्यावर पडली.

"नाही," शामकलाबाई म्हणाल्या.

"आपलं घर गिरनीच्या भिंतीले लागून. पितळ. खट्!"

"त्या दिवशी मी आमगावले भाचीच्या बारशाले गेली होती!"

"गैरहजर बाईचा खलबत्ता हजर राहू शकते. कायद्यापुढं नवरा-बायको सारखे. जप्त."

पायली, घंटी आणि खलबत्ता ओसरीवर ओळीनं बसले. संध्याकाळच्या चटणीत लसूण अख्खा पडला, आणि शामकलाबाईंनी चार तासांच्या मिळकतीतून पहिली वजावट केली.

शनिवारी सकाळी प्रफुल परत आला. हेडफोन गळ्यात नव्हता. काल संध्याकाळी दुर्गाप्रसाद विचारमग्न अवस्थेत त्या हेडफोनवर बसले होते.

"काकाजी, उद्या रविवार," तो एवढंच म्हणाला आणि ओसरीवर, खलबत्त्याशेजारी, चौथ्या मुद्देमालासारखा बसून राहिला. मग त्यानं लॅपटॉप उघडला. "आता आवाज असाच आयका, मोठ्यानं."

शामकलाबाई कांदा चिरत होत्या. इंजिन धडधडलं. खरंच, कुठल्याही मशिनीचा अभिमान वाटावा असा आवाज होता. आणि मग त्यांचा हात थांबला.

खट्. मग थोडी उसंत. मग खट्-खट्.

त्या विळी सोडून उठल्या नाहीत. हिशेब त्यांनी बसल्या बसल्याच केला. गप्प राहिलं तर उद्या रविवार सरेल, प्रकरण कधीच सुटणार नाही आणि न सुटलेल्या प्रकरणावर नवरा जन्मभर सकाळी नऊला घराबाहेर पडेल. जन्मभर, रोज चार तास! एवढी मोठी मिळकत त्यांच्या पदरात आजवर कोणी टाकली नव्हती. बोललं, तर एक वाजायच्या आत तो कायमचा घरी.

मग त्यांनी प्रफुलकडे पाहिलं. तो पडद्यावरच्या बुटक्या हिरव्या विमानाच्या पंखावरून बोट फिरवत होता. त्या पंखावर कडेला एक बारीक रफू होतं. ते त्यांनी स्वतः केलं होतं, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी.

"आता फूं येते," शामकलाबाई म्हणाल्या.

लॅपटॉपमधून आवाज आला: फूं.

प्रफुल गर्रकन वळला. "काकू, तुमाले कसं मालूम? तो त सायलेन्सरचा आवाज आहे. पोलंडच्या मानसानं त्याची तारीफ केली. असा खराखुरा धूर कोनाच्याच विमानात नाही म्हने."

"सायलेन्सर नाही बाप्पा. पहिले एक मोठा खट्, सुपारीचे दोन भाग. मंग दोन लहान, एकेका भागाचे दोन-दोन. मंग तळहातावरचा भुगा फुंकाचा. फूं. चौतीस वर्षं आयकून राहिली मी. तुह्या विमानात यायचा अडकित्ता आहे."

दुर्गाप्रसाद ताठ झाले.

"अशक्य! मी चार हातावर होतो. मले आयकू नसतं आलं?"

"तुमाले चौतीस वर्षांत आयकू नाही आलं जी. मले येते."

"हा आरोप आहे. पुरावा?"

"कातरा."

दुर्गाप्रसादांनी पिशवीतून सुपारी काढली, अडकित्त्यात धरली आणि बायकोचं म्हणणं खोडून काढण्यासाठी जोरात दाबली. खट्. उसंत. खट्-खट्. लॅपटॉपमधला आणि ओसरीवरचा आवाज असा जोडीनं वाजला की प्रफुल ओरडलाच. दुर्गाप्रसादांनी निर्विकार चेहऱ्यानं तळहात वर नेला आणि सवयीनं, काहीही न सिद्ध झाल्यासारखी, फुंकर मारली.

"गुन्हेगार घटनास्थळी हजर राहते, हे मी पहिल्याच दिवशी सांगतलं होतं," ते म्हणाले. "मी चार हातावर होतो, हा माहाच जबाब. म्हनजे तपास माहाच पूर्ण झाला."

यावर कोणी वाद घातला नाही, कारण प्रफुलला घाई होती. त्यानं दार-खिडक्या बंद केल्या, पंखा बंद केला, फोन पुढे धरला आणि दुर्गाप्रसादांकडून तासभर सुपाऱ्या कातरून घेतल्या. आठवडाभराचा साठा संपला. तिसऱ्या प्रहरी इंजिनातला खट् पुसला गेला. फूं मात्र पोलंडच्या मागणीवरून तसाच ठेवला. आणि एक साफ, सुटा खट् हातात आलाच होता, तर प्रफुलनं तो सेकंदाला तीस वेळा वाजवून पाहिला. पडद्यावरच्या विमानाच्या मशीनगनला इतके दिवस नीट आवाज सापडत नव्हता. तो सापडला.

तो जायला निघाला तेव्हा शामकलाबाईंनी अडकित्ता उचलून त्याच्या हातात दिला.

"हे काय?" दुर्गाप्रसाद म्हणाले.

"मुद्देमाल," शामकलाबाई म्हणाल्या. "कायद्यापुढं नवरा-बायको सारखे. दारावर लिवलं आहे, मी नाही लिवलं."

दुर्गाप्रसादांनी पाटीकडे पाहिलं आणि कमरेची रिकामी पिशवी चाचपली.

आता कोणाचं काय गेलं ते. शालीकरामला पायली परत मिळाली, उदारामला घंटी आणि शामकलाबाईंना खलबत्ता. प्रफुलचा हेडफोन गेला, पण रविवारी यादीत नाव आलं. त्याच यादीत 'पंखाचं कापड: शामकला रहांगडाले' आणि 'मशीनगन: दुर्गाप्रसाद रहांगडाले' अशाही दोन ओळी आल्या. सोमवारी पोती मोजायला चैतराम स्वतः गेला आणि मोजता मोजता सगळ्यांना सांगत होता की पोरगा रशियाले विमान पाठवून राहिला. शामकलाबाईंचे चार तास गेले. नवरा पूर्णवेळ घरी आला, पण आवाज न करता आला. शिवाय गोंदियाच्या बाजारातून कातरलेल्या सुपारीची एक पुडी दर आठवड्याला त्या आपल्या पैशानं आणतात. दुर्गाप्रसाद ती चघळतात आणि लाकडासारखी लागते म्हणतात. बाकी सगळी भरपाई त्यांच्याच नावावर पडली. जगभरातली अनोळखी माणसं रोज त्यांचा अडकित्ता सेकंदाला तीस वेळा वाजवतात, आणि त्यांना स्वतःला मात्र तो वाजवायची सोय उरलेली नाही.