भोक न पाडण्याचा ठराव

इमारतीच्या भिंतीला कोणीही, कोणत्याही कारणास्तव, भोक पाडू नये, असा ठराव सर्वसाधारण सभेने एकमताने मंजूर केला होता. तो सेक्रेटरीसाहेबांनीच मांडलेला, आणि त्यांना त्याचा कोण अभिमान! इमारत काही साधीसुधी नव्हती. कारखान्यांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडून हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांत कोंडला होता आणि त्या ठोकळ्यांनी ती बांधली होती. भोक पडलं की वायू सुटणार, वायू सुटला की पृथ्वी तापणार, आणि गेटवरची 'हरित इमारत' ही पाटी जाणार. हे साहेबांनी इतक्या पोटतिडकीने सांगितलं, की लोकांनी घड्याळं खुर्चीवर ठेवली आणि आरसे जमिनीवर. पुरुष मांडी घालून दाढी करू लागले. तळमजल्यावरच्या शिंपीकाकांनी गुपचूप एक खिळा ठोकला, तर साहेबांनी त्यांना भर सभेत माफी मागायला लावली.

अशात साहेबांची आई बाथरूममध्ये घसरली. थोडक्यात निभावलं. धरायला भिंतीत दांडी बसवा, पुढच्या वेळी खुब्यावर बेतेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. साहेबांनी इमारतीच्या इंजिनियरला फोन केला, तर तो हसायलाच लागला. त्या वायूचा केव्हाच दगड झालाय, भोकातून काही सुटत नाही, खुशाल पाडा म्हणाला.

पण हे सभेत सांगायचं कोणत्या तोंडाने? पुढच्याच आठवड्यात साहेबांना पर्यावरणरक्षक म्हणून पुरस्कार मिळायचा होता. त्यांनी इंजिनियरचं बोलणं गिळलं आणि आईपुरती सवलत मागितली. शिंपीकाका सावकाश उठले.

"साहेब, आई आम्हालाही आईसारख्याच आहेत. पण पृथ्वीसुद्धा आईच की. तुम्हीच शिकवलंत."

सभेने मधला मार्ग काढला. दांडीऐवजी मुलगा वापरावा, त्याने प्रदूषण होत नाही. त्या दिवसापासून साहेब आईच्या आंघोळीच्या वेळी दाराबाहेर तोंड फिरवून, एक हात आत घालून उभे राहू लागले. दुसऱ्या हातात पुरस्काराचं भाषण.

पुरस्काराच्या दिवशी ते सकाळीच निघाले. आल्यावर आंघोळ कर, म्हणाले. आईने वाट पाहिली, मग कंटाळली. स्टेजवर असताना घरून फोन येत होता. साहेब तो कापत राहिले.

खुबा मोडलाच. ऑपरेशनआधी आईने त्यांना जवळ बोलावलं.

"पडताना मी भिंतीला नखं लावली रे. काही सुटलं तर नाही ना?"

"नाही गं आई," म्हणताना साहेबांना रडू कोसळलं. माझ्याच हाताने मी हे केलं, असं ते कितीदा तरी पुटपुटले. रक्त तातडीने हवं होतं. त्यांनी इमारतीच्या ग्रुपवर मेसेज टाकला. पण सवय ती सवय. वर ढाल घेतलेला फोटो, मग मान्यवरांची नावं, मग आभार, आणि रक्ताचं अगदी तळाशी, 'पुढे वाचा'च्या खाली.

मिनिटाच्या आत टाळ्यांचा पाऊस पडला. दवाखान्यात मात्र कोणीही फिरकलं नाही. रागावू नका, पण त्या टाळ्यांत तुमचीही आहे. फोटो छान होता, आणि तुम्ही जरा घाईत होता.