बोडीच्या मोहिमेंत अकरा झिरे फत्ते जाले त्याची हकीकत

कागद सर्वज्ञ आहे, त्यास मुजरा करोन शके एकोणीसशें सत्तेचाळीस, वैशाख मासीं समुद्रपूर तालुकियांत जें वर्तमान जालें तें लिहितों. जिल्हियाच्या सर्व पाणलोटांत कोणती पाणथळ काय चाकरी करिते, पूर कोण अडविते, विहिरींस पाणी कोण पुरविते, याची जोख करोन राखण्याजोगीं ठिकाणें ठरवावीं आणि बाकीचीं बुजवावयास मोकळीं सोडावीं, ऐसा हुकूम सुटला. पावसाळ्यांत पाणथळीं चिखल असतो व जिपेस तसदी पडते, म्हणोन मोठ्या दूरदृष्टीनें पाहणीस भर उन्हाळा नेमिला.

मग पाहणीचे सरलष्कर महादेवराव साहेब जीप, छत्री आणि थंड पाण्याचा जार यांसह दाखल जाले आणि मागें टॅबलेट धरोन वर्षाली, कंत्राटी पाहणीदार. समोर दोन एकरांची बोडी, म्हणजे गांवतळें, कोरडी ठणठणीत. दृश्य पाणी शून्य. पक्षी एक बगळा, तोही जिपेस भिऊन उडाला, सबब शून्य. मग फर्मान जालें कीं ही पाणथळ नव्हे, येथें मुरूम टाकोन सभामंडप व्हावा. वर्षालीच्या तळपायाची आग मस्तकीं गेली, परंतु कंत्राटी माणसाचा राग भरावयास टॅबलेटांत रकाना नव्हता.

तों काठच्या विहिरीच्या धनीण वच्छलाबाई फावडें घेवोन चालोन आल्या आणि म्हणाल्या, “पानी वरतं काऊन पाह्यता साहेब? खाली हाये ना! हे बोडी बुजवली तं माही विहीर आटन, मंग आमी काय प्याचं?” आणि तळांत कमरेइतका खड्डा, ज्यास तिकडे झिरा म्हणतात, तो खणिला. घटकेंत पाणी पाझरलें. साहेबीं टेप लाविला आणि उदार मनें लिहविलें: पाणथळ, रुंदी दीड हात.

मग वर्षालीनें नियमांचें पुस्तक उघडोन अदबीनें अर्ज केला कीं, पाणथळ लहान असो वा थोर, तिचे भोंवतीं पन्नास हात भराव करूं नये, ऐसें कलम आहे, खालीं सही हुजुरांची. वच्छलाबाई गालांत हंसल्या आणि गांवांत सांगावा धाडिला. मग बायका फावडीं, टिकास घेवोन निघाल्या आणि अंतर मोजोन जागोजाग मोर्चे लाविले, आणि दिवस कलतां अकरा झिरे जाले. पन्नास हातांचे घेर एकमेकांत शिरले, मुरूम टाकावयास वीतभर जागा राहिली नाहीं. साहेबीं अकरा वेळां टेप लाविला आणि जार रिता केला.

दफ्तरीं नोंद जाली ती ऐसी कीं, महादेवराव साहेबांचे कारकिर्दींत, ऐन वैशाखांत, अकरा नव्या पाणथळी उत्पन्न जाल्या, सबब शाल, श्रीफळ व सन्मानपत्र. सत्कारास वच्छलाबाईंस बोलावणें नव्हतें. त्या समयीं त्या आपल्या विहिरीवर पाणी भरीत होत्या. विहिरीस पाणी होतें, हीच फत्ते. ती येथें नमूद केली असे.