शशिकांतरावांचा सभ्य आवाज

शशिकांतराव ठोसरांनी अंबरनाथच्या कारखान्यात तीस वर्षं मशीनच्या वरताण ओरडून काढली. रिटायर झाल्यावर कारखाना सुटला, ओरडणं काही सुटलं नाही. बेलवलीच्या फ्लॅटमधून त्यांची "चहा!" अशी हाक गेली, की खालच्या मजल्यावरच्या किर्तीवहिनीसुद्धा दचकून गॅस पेटवायच्या.

आणि नेमकी त्याच घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "गुरुवारी ऑपरेशन. मग महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. आणि आवाज पूर्वीसारखा येईलच असं नाही हं." शशिकांतरावांना एकच चिंता. आवाजच गेला तर घरात आपल्याला विचारणार कोण?

"बाबा, टेन्शन नका घेऊ," मुलगा अनीश म्हणाला. "दोनशे वाक्यं रेकॉर्ड करा. मोबाईल तुमचा आवाज बनवेल. तुम्ही टाइप करायचं, तो बोलणार."

शशिकांतराव दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून माईकसमोर बसले. (आवाजाला शर्ट कशाला, हे विचारायची कोणाची टाप?) आणि माईक दिसताच हा माणूस मुलगी बघायला आल्यासारखा बोलू लागला. हळू, गोड, घरात जन्मात न काढलेल्या आवाजात.

"बाबा, नेहमीसारखं बोला ना!"

"नेहमीसारखंच बोलतोय, गाढवा!" ते खेकसले. नेमकं तेवढंच रेकॉर्ड झालं नाही.

बुधवारी ट्रायल. हॉलमध्ये बसून शशिकांतरावांनी टाइप केलं, "संजीवनी, चहा." मोबाईल असा काही मधाळ बोलला, की त्यांच्या पत्नी संजीवनीबाई पदर सारखा करत, ट्रेमध्ये चांगले कप आणि बिस्किटं घेऊन बाहेर आल्या.

"पाहुणे कुठेत?"

"अगं, मीच तो!"

"इश्श! उगीच चांगले कप काढले मी."

आता पुन्हा रेकॉर्ड करायला वेळ कुठला? ऑपरेशन झालं, आणि महिनाभर घरात तोच सभ्य गृहस्थ बोलत राहिला. संजीवनीबाई खुलल्या. न मागता आल्याचा चहा येऊ लागला. किर्तीवहिनी मुद्दाम ऐकायला येऊन बसायच्या. शशिकांतरावांचा मात्र जळफळाट व्हायचा. हा कोण टिकोजीराव लागून गेला?

महिना संपला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "आवाज एकदम पूर्वीसारखा!" शशिकांतरावांना आभाळ ठेंगणं झालं. दारातूनच त्यांनी हाक मारली, "चहा!"

खाली किर्तीवहिनींचा गॅस पेटला. वर काहीच हललं नाही.

मग संजीवनीबाई आल्या. चार्जिंगला लावलेला मोबाईल काढून त्यांच्या हातात देत म्हणाल्या, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी कोणी नीट बोललंय. टाइप करा."

शशिकांतरावांनी मुकाट्यानं टाइप केलं. चहा आला, चांगल्या कपातून.

संजीवनीबाईंनी तो मोबाईलसमोर ठेवला.