सदर घरमालक

सिस्टरला जागा नाकारली, ही बातमी अर्जरावांना गुडघ्याच्या व्यायामाच्या वेळी कळली. गुडघा बायकोचा होता. शस्त्रक्रिया झाल्यापासून वॉर्डातली सिस्टर ड्यूटी संपवून वाट वाकडी करून घरी येई, "आणखी थोडा, काकू, आणखी थोडा" म्हणत पाय वाकवून घेई, आणि अर्जराव शेजारी उभे राहून मोठ्याने आकडे मोजत.

त्यांचं खरं नाव निराळं होतं. पण छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून त्यांनी पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या होत्या, आणि निवृत्तीनंतर तेच काम गावभर सुरू केलं होतं. बंद दिवा, उघडं गटार, बसथांब्याच्या पाटीवरचा चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ, कशावरही त्यांचा अर्ज जाई. म्हणून अर्जराव.

"जागा मिळाली का गं?" बायकोने विचारलं.

"कुठली, काकू! एजंट फोनवर गोड बोलला. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, हवेशीर, मालक सज्जन. मग विचारलं, घरात कोण कोण? म्हटलं, मी एकटीच. नोकरी? म्हटलं, नर्स, कधी दिवसपाळी कधी रात्रपाळी. तर म्हणाला, ताई, आत्ताच आठवलं, ती जागा गेली."

"गेली असेल."

"आज आठ दिवस झाले, जाहिरात रोज येतेय."

अर्जराव सातावर थांबले. बायकोचा पाय तसाच वाकलेला राहिला.

"हा भेदभाव आहे," ते म्हणाले. "धडधडीत!"

"अहो, आठ म्हणा आधी," बायको कळवळली.

"जाऊ द्या काका," सिस्टर म्हणाली. "दुसरी बघेन."

"जाऊ द्या म्हणतो म्हणून तर ह्या लोकांचं फावतं! तू फक्त सही कर. बाकी मी बघतो."

तक्रार चार पानांची झाली; सही सिस्टरची, संपर्कासाठी पत्ता आणि फोन अर्जरावांचा. समास आखलेला, महत्त्वाच्या शब्दांखाली पट्टीने ओढलेली लाल रेघ. शेवटी मागणी: एजंटवर कारवाई व्हावी, आणि ज्याच्या सांगण्यावरून हे घडले त्या सदर घरमालकाचे नाव उघड करून त्यास समज द्यावी. 'सदर घरमालक' खाली दोन रेघा होत्या.

चार दिवसांनी एजंटचाच फोन आला.

"काका, तेवढा अर्ज मागे घ्या."

"का म्हणून?"

"तुमच्याच भल्याचं सांगतोय."

"धमकी देता?"

"अहो, धमकी कसली! एकदा येऊन भेटा. समोर बसून सांगतो. फोनवर बरं नाही दिसत ते."

अर्जरावांनी फोन आपटला आणि त्याच बैठकीत पुरवणी अर्ज लिहिला. 'धमकी व आमिष' असा मथळा दिला आणि खाली बजावलं की कोणत्याही दबावाखाली ही तक्रार मागे घेतली जाणार नाही. शिवाय सकाळी फिरायला येणाऱ्या तिघा मित्रांना सुनावणीला हजर राहण्यासाठी तयार केलं. मध्यंतरी सिस्टरचे दोन फोन आले.

"काका, राहू द्या ना. मला तुम्हाला एक सांगायचं होतं..."

"तू काही बोलायचं नाहीस. तुझ्या बाजूने मी बोलणार."

दोन्ही वेळा त्यांनी तिला पुढे बोलू दिलं नाही.

सुनावणी तक्रार कक्षाच्या एका लांबट खोलीत होती. टेबलामागे अधिकारी मॅडम. एका बाजूला एजंट, फाईल पोटाशी धरून घामाघूम. दुसऱ्या बाजूला सिस्टर, अर्जराव आणि इस्त्रीचे कपडे घातलेले तिघे मित्र.

"घरमालकाचीच तशी सूचना होती, असं तुमचं म्हणणं," मॅडम एजंटला म्हणाल्या. "पुरावा?"

"लेखी आहे, मॅडम. पण दाखवायलाच हवा का?"

अर्जराव ताडकन उठले. "दाखवायलाच हवा! हा घरमालक आहे तरी कोण, कळू दे सगळ्यांना!"

तिघा मित्रांनी एकदम माना हलवल्या. एजंटने अर्जरावांकडे केविलवाणं पाहिलं.

"काका, अजून विचार करा."

"माझा विचार झालाय."

एजंटने सुस्कारा सोडून कागद पुढे केला. मॅडम वाचू लागल्या. "भाडेकरू कुटुंबवत्सल असावा. एकटी व्यक्ती नको. रात्री-अपरात्री ये-जा करणारे नोकरदार नकोत..." त्या मध्येच थांबल्या. मग तक्रारीचं पहिलं पान त्यांनी त्या कागदाशेजारी ठेवलं. दोन्हीकडे समास आखलेला. दोन्हीकडे पट्टीने ओढलेली लाल रेघ.

"अक्षर फार सुरेख आहे तुमचं," मॅडम म्हणाल्या. "दोन्हीकडे."

अर्जरावांनी चष्मा लावला. कागद त्यांचाच होता. वर्षापूर्वी वरच्या मजल्यावरचे भाडेकरू सोडून गेले, तेव्हा त्यांनी गावातल्या पाचही एजंटांना टपालाने सूचना पाठवल्या होत्या. या एजंटचं तोंडही त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. खोल्या रिकाम्या आहेत हे ते विसरले होते असं नाही. एखादं कुटुंब येईल म्हणून वाट बघत होते. त्या खोल्या सिस्टरला द्याव्यात, हे मात्र तीन आठवडे ती रोज समोर असूनही त्यांना एकदाही सुचलं नव्हतं.

"ही अट का घातलीत?" मॅडमनी विचारलं.

अर्जराव आठवू लागले. एकट्या माणसाचा त्यांना कधी त्रास झाला नव्हता. रात्रपाळीच्या माणसाचाही नाही.

"सगळेच घालतात," ते म्हणाले.

वाक्य कानावर पडलं तेव्हा त्यांनाच ते ओळखीचं वाटलं नाही. छापखान्यात त्यांनी ते खोडलं असतं. इथे पेन मॅडमच्या हातात होतं आणि त्या लिहून घेत होत्या.

"कोणी सांगितलं म्हणून तुम्हीही ऐकायचं नसतं," मॅडमनी एजंटला सुनावलं, आणि अर्जरावांकडे वळल्या. "तुमची मागणी मान्य झाली. घरमालकाचं नाव उघड झालंय. आता त्यांना प्रतिवादी करून आठ दिवसांत सुधारित अर्ज द्या."

"मागे... मागे घेता येईल का?"

"कोणत्याही दबावाखाली मागे घेणार नाही, असं तुम्हीच लिहून दिलंय."

तोपर्यंत एका मित्राला बँकेत काम निघालं होतं, आणि बाकीचे दोघे त्याला सोबत म्हणून गेले होते.

बाहेरच्या बाकावर सिस्टर पर्स आवरत बसली होती. अर्जराव तिच्यासमोर उभे राहिले.

"उद्याच राहायला ये. एक अट नाही. काही नाही."

"मला मिळाली, काका. मागच्याच आठवड्यात." तिने मान वर केली नाही. "एजंटच वॉर्डात शोधत आले होते. त्यांच्या मावशीकडे खोली दिली. माफीही मागितली. घरमालक कोण ते तेव्हाच कळलं मला. काकूंसमोर नको म्हणून तेच सांगायला फोन केले होते."

"मग आज रजा टाकून आलीस कशाला?"

"तुम्ही इतक्या पोटतिडकीने लिहिलं होतंत. माझ्यासाठी कोणी चार पानं लिहिली नव्हती आजवर." ती उठली. "यावंसं वाटलं."

ती चिडली असती, चार शब्द बोलली असती, तर अर्जरावांना खुलासा तरी करता आला असता. ती फक्त म्हणाली, "नवी जागा पार दुसऱ्या टोकाला आहे. आता रोज जमायचं नाही. काकूंना सांगा, व्यायाम सोडू नका." आणि बसच्या दिशेने चालू लागली.

घरी बायकोने विचारलं, "कोण जिंकलं?"

अर्जरावांनी सगळं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. बायकोने स्वतःच पाय लांब केला आणि दात आवळून वाकवू लागली.

अर्जराव टेबलाशी बसले. प्रतिवादीच्या जागी स्वतःचं नाव घातलं, पत्ता घातला. घडलेली हकीकत एका पानात मावली. लाल रेघ कुठेच ओढली नाही. शेवटच्या 'मागणी' या रकान्याशी मात्र ते तासभर अडून बसले.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काय मागावं ते सुचत नाही."

"सिस्टरने वर राहायला यावं, असं मागा."

अर्जरावांनी नियमांची पुस्तिका उघडली, दोन-तीन पानं चाळली आणि मिटून ठेवली.

"ते कक्षाच्या अधिकारात येत नाही गं," ते म्हणाले.