झालं म्हणून सांगजा

गजाननसमोर वाफाळता चहा ठेवा, तो पिणार नाही. कपाकडे बघत बसेल. साय धरेल, माशी घिरट्या घालेल, पण हा हात लावेल तर शपथ. शेवटी एकदा मीच विचारलं, "काऊन रे, चहा आवडत नाई का?"

"आवडते ना काकू. पण झाला का?"

"समोर ठेवला म्हणजे झालाच असंल ना!"

"असंल म्हणजे अंदाज झाला. साखर घालायची राह्यली असंल, चमचा आणायले तुम्ही आत गेल्या असाल. झाला म्हणून सांगा, मंग पितो."

देवळी गावात माझी पिठाची गिरणी आहे आणि गजाननचं घर भिंतीला भिंत लागून. चाळिशी ओलांडली, लग्न केलं नाही. घरात तो आणि त्याचे वडील, नानाजी. बरीच वर्षं पुण्यात काढून आला आणि आता तीच कॉम्प्युटरची नोकरी घरात बसून करतो. दळण आणायला आला की गिरणी बंद झाली तरी उभाच. डबा भरलेला दिसतो, बायका आपापले डबे उचलून जातात, हा मात्र माझ्या तोंडाकडे बघतो. एकदा मीही हट्टाला पेटले, म्हटलं बघू किती उभा राहतो. गिऱ्हाइकांना वाटलं, मी नवीन माणूस कामाला ठेवला.

त्याचं काम काय, हे मला त्यानंच समजावलं. "काकू, कॉम्प्युटरच्या पोटात एक जण चित्र काढते, दुसरा ते पडद्यावर दाखवते. काढणाऱ्याचं अर्धंच झालं आन् दाखवणाऱ्यानं उचललं, का वर नवं चित्र, खाली जुनं. आधी मधातला कर्नल, म्हणजे कॉम्प्युटरचा मुकादमच समजा, आपल्या मनानं ठरवायचा कोणी कोणासाठी थांबायचं. कधी उगाच थांबवायचा. आता आम्ही असं करून राह्यलो, का प्रत्येक कामाची एक खूण द्यायची. तिले फेन्स म्हणतात. काम झालं का ती खूण सांगते, झालं. ज्याले वाट पाहायची त्यानं ती खूण पाहावी."

"आन् काम झालंच नाई तं?"

"तं खूण द्यायचीच नाई," तो एकदम गंभीर झाला. "जे पुरं होणार, त्याचीच द्यायची. ते वचन असते, काकू."

यावरून हा जगभरातल्या लोकांशी ईमेलवर भांडतो. मी एकदा वाचायला लावलं. सुरुवातीला नमस्कार, शेवटी आभार, मधे एक शिवी नाही. आमच्याकडे याला भांडण म्हणत नाहीत.

हनुमान जयंतीच्या महाप्रसादाला त्यानं आपली विद्या पंगतीत आणली. भातवाल्याला सांगितलं, वरणवाला "आलो" म्हणेपर्यंत भात वाढू नको, थंडा होते. वरणवाल्याला सांगितलं, भातवाला "वाढला" म्हणेपर्यंत हलू नको, पत्रावळीवर वरण वाहते. झालं! दोघं पंगतीच्या दोन टोकांना बादल्या धरून एकमेकांकडे बघत उभे. लोक वांग्याची भाजी चाटून बसले. गजाननचा चेहरा फुलला. "काकू, पाहा! यालेच डेडलॉक म्हणतात. दोघंही एकमेकाची वाट पाहून राह्यले!"

"तुह्या डेडलॉकले काय चुलीत घालू?" म्हणत मी वरणाची बादली हिसकावली आणि वाढत सुटले.

असा हा माणूस. त्याला कंपनीनं जर्मनीत बोलावलं, कायमचं. गल्लीभर चर्चा, आणि घरात चिडीचूप. एक दिवस गिरणीत येऊन तोंड पाडून म्हणाला, "बाबाईनं माही मोठी बॅग उन्हात टाकली, काकू. म्हणजे मी जावं, असंच त्याईले वाटते."

दुसऱ्या दिवशी काठी टेकत नानाजी आले. "तू सांग पोराले, माह्यापायी थांबू नको म्हणा. कंपनीवाल्याईशी दिवसभर हासून बोलते, माह्याशी गप्प. त्याले जायचं असंल. परवानगी मागायची लाज वाटू नये म्हणून मीच बॅग काढून ठेवली."

माझं डोकंच फिरलं. गिरणी बंद केली, नानाजींचा हात धरला आणि केसांत पीठ तसंच घेऊन त्यांच्या घरात शिरले. गजानन कॉम्प्युटरपुढे बसला होता.

"काऊन रे, चहाले हात लावायच्या आधी शंभरदा विचारतो, आन् बॅग दिसली का बापाच्या मनातलं कळते होय तुले? विचार याईले. नाई तं मीच सांगीन."

साऱ्या जगाशी वाद घालणारा माणूस, पण मान खाली. बोटं टेबलावर फिरवत म्हणाला, "बाबा, मले नाई जायचं."

"येवढं मोठं काम सोडतो? माह्यासाठी नको थांबू."

"तुमच्यासाठी नाई थांबून राह्यलो. काम इथूनही होते. पुण्यात संध्याकाळी खोलीवर यायचो, कुलूप मीच उघडायचो, लाइट मीच लावायचो. जेवलो का, कोणी विचारे नाई. आलो, हे सांगू कोणाले? म्हणून तं परत आलतो."

नानाजी दाराची चौकट धरून उभे होते. त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

"नको जाऊ," ते म्हणाले. "तू नसला का मले करमत नाई. पुण्याले निघालता तवाच म्हणणार होतो."

गजानन उठून वडिलांजवळ गेला आणि त्यांचा हात धरून उभा राहिला. मी डोळे पुसायला गेले, तर हाताचं पीठ डोळ्यांत जाऊन आणखीच पाणी आलं.