वसंत कुणाचा?

ओनिशी इवाओसान एका दिवंगत तांदूळविक्याचे नाव ग्रॅनाइटच्या शिळेवर कोरीत होते आणि शेवटचे अक्षर अर्ध्यावर आले होते. अशा वेळी त्यांच्या बायकोने चहाचा पेला शेजारी ठेवला आणि बातमी सांगितली, की नातीचे नाव अजून पक्के झालेले नाही, परंतु त्यात 'हारु' हे अक्षर येणार, एवढे मात्र पक्के झाले आहे.

छिन्नी थांबली.

"हारु म्हणजे वसंताचं अक्षर?"

"वसंताचंच. सूनबाईनं, कानाएनं सुचवलं म्हणे. तोमोयाचा फोन होता मघाशी."

"आणि माझं अक्षर?"

"तुमचं?" बायको हसली. "अहो, मुलगी आहे ती. मुलीच्या नावात खडक घालायचा?"

येथे इवाओसानांची बाजू नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढे जे घडले त्यावरून वाचक त्यांना उगाचच दुष्ट ठरवतील. 'इवाओ' हे एकाच अक्षराचे नाव आणि त्याचा अर्थ प्रचंड खडक. पाथरवटाच्या घरात जन्मलेल्या मुलाला याहून शोभणारे नाव नाही, असे त्यांच्या वडिलांचे मत होते आणि त्या काळात ते कोणी खोडलेही नसते. परंतु काळ बदलला. आता लोक पोरांच्या नावांत प्रकाश घालतात, समुद्र घालतात, वाऱ्याची झुळूक घालतात. खडक कोणी घालीत नाही. मुलगा तोमोया जन्मला तेव्हा इवाओसानांचे वडील हयात होते आणि नातवाचे नाव त्यांनी कोणालाही न विचारता ठेवून टाकले. तेव्हा आजोबांच्या नावातले एक अक्षर नातवंडाकडे जाण्याची जी जुनी रीत आहे, तिच्यावर इवाओसानांची सारी भिस्त होती. नाहीतर त्यांच्या अक्षराला या जगात एकच जागा उरणार होती, ती म्हणजे घराण्याच्या थडग्यावर. तेथे त्यांनी स्वतःच्या हाताने ते आधीच कोरून ठेवले होते आणि जिवंत माणसाचे म्हणून त्यात तांबडा रंगही भरला होता. ते गेले की रंग पुसला जाणार, आणि अक्षर संपणार.

याउलट त्यांचे व्याही मानाबे कियोहारु. निर्मळ वसंत! असले अक्षर मुलाला चालते, मुलीला चालते, वेळ पडली तर उपाहारगृहालाही चालते. मानाबेसान ताकामात्सुला बॉन्साय वाढवीत. लग्नाच्या दिवशी त्यांनी आणलेल्या वीतभर पाइनभोवती पाहुण्यांनी जो गराडा घातला होता, तो इवाओसान विसरले नव्हते. त्यांच्या स्वतःच्या कामाभोवतीही लोक जमत. पण ते उदबत्ती लावून डोळे मिटून घेत.

"ते अक्षर कुणाकडून आलंय, कळतं मला," ते छिन्नीकडे पाहत म्हणाले.

"कळलं तुम्हाला?" बायकोने रिकामा ट्रे छातीशी धरला. "मला वाटलं, तुमच्या ध्यानातसुद्धा येणार नाही."

"न यायला मी काय दूधखुळा आहे?"

ती काहीतरी गुणगुणत आत गेली. दुपारी उदोनच्या, म्हणजे जाड शेवयांच्या, वाडग्यात एकाऐवजी दोन तळलेल्या कोळंब्या होत्या. परंतु मत्सराने ग्रासलेल्या माणसाला कोळंबी दिसत नाही. इवाओसानांनी दोन्ही खाल्ल्या आणि ते तडक देवळामागे गेले.

देवळामागे एक वृद्धा अक्षरांच्या रेघा मोजून नावांचे भविष्य सांगत असे. समोर भिंग होते आणि मांडीवर मांजर.

"बाळाचं नाव?"

"बाळाचं. आडनाव ओनिशी. नावात वसंत."

"चांगलं निघायला हवंय की वाईट?"

"जे खरं असेल ते," इवाओसान ताठ बसून म्हणाले.

"असं सगळेच म्हणतात. वाईट ना?"

इवाओसानांनी मांजराकडे पाहिले. "थोडं वाईट निघालं, तर बरं."

वृद्धेने रेघा मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि डोळे मिटून म्हणाली, "ओनिशींच्या घरात जी बाई हे अक्षर घेऊन नांदेल, ती घराचं तेज खाईल. नवऱ्याचं पोट बिघडेल. धंदा बसेल. आणि पाय! अंथरुणात तिचे पाय बारा महिने गार राहतील, नवऱ्याला झोप लागायची नाही."

एवढे वाईट इवाओसानांनी मागितले नव्हते. परंतु मिळालेली वस्तू परत करणे हा त्यांचा स्वभाव नव्हता. घरी येताच त्यांनी मुलाला फोन केला.

"बाबा, असलं काय ऐकत बसता!" तोमोया वैतागला. "आणि ते अक्षर तर आ—"

"अक्षर कुणाचं ते मला सांगू नकोस! मी नात्याकडं बघत नाही, रेघांकडं बघतो. पोरीचे पाय जन्मभर गार राहिले तर जबाबदार कोण? तू?"

तोमोयाने हे कानाएला सांगितले. कानाए बाळंतीण, तिला रडू कोसळले. तिची आई ती शाळेत असतानाच वारली होती. नवऱ्याला तिने एकच बजावले, "हे आईंच्या कानावर जाऊ देऊ नका." आणि स्वतः मात्र हुंदके देत वडिलांना सारे सांगून टाकले. मानाबेसानांनी अर्धे ऐकले, आणि उरलेले अर्धे काय असणार हे स्वतःच ठरवून फोन ठेवला.

दुसऱ्याच दिवशी ते इवाओसानांच्या दारात उभे राहिले. अंगात करडा कोट, हातात रेशमी रुमालात बांधलेली कुंडी. रुमाल सुटला तेव्हा आतून एक पाइन निघाला. त्याची मुळे एका काळ्या खडकाला घट्ट मिठी मारून बसली होती.

"ओनिशीसान, पोरीनं सगळं सांगितलं," मानाबेसान चटईवर कपाळ टेकवून म्हणाले. "माझ्या अक्षरापायी तुमच्या घरावर संकट येणार असेल, तर मी माझं अक्षर मागं घेतो."

"छे छे, मानाबेसान! एवढं सुंदर अक्षर..."

"सुंदर आहेच," मानाबेसान नम्रपणे म्हणाले. "पण नातीपुढं अक्षर काय! त्यापेक्षा तुमचं घ्या. हा पाइन बघा. लोक झाडाला वाहवा म्हणतात. पण खालचा खडक काढला, तर उभं राहील का ते? पोरीला खडकाचंच नाव द्या. मी स्वतः सर्वांसमोर तसं सुचवीन."

इवाओसानांना हवे होते ते सारे मिळाले, आणि तरीही त्यांच्या पोटात पूर्वीपेक्षा जास्त जळजळू लागले. हा मनुष्य दिसायला चांगला, झाडे चांगली, नाव चांगले, ते एक वेळ सोसता येई. परंतु आता तो मनानेही मोठा निघाला होता, आणि तोही आपल्याच घरात, आपल्याच चटईवर बसून.

"आपला मोठेपणा," ते दात आवळून म्हणाले.

त्याच क्षणी बायको चहा घेऊन आत आली.

"वहिनी, तुमच्याही कानावर असेलच," मानाबेसान हळहळून म्हणाले. "वसंताचं अक्षर घेऊन या घरात नांदणारी बाई घराचं तेज खाते म्हणे. नवऱ्याचं पोट, धंदा... आणि पाय गार. ओनिशीसानांनी चौकशी केली म्हणून कळलं हो!"

बायकोने पेले एकेक करून खाली ठेवले. एकही थेंब सांडला नाही.  मानाबेसानांना निरोप देऊन इवाओसान परतले, तेव्हा ती खडकावरच्या पाइनकडे पाहत बसली होती.

"माझं नाव काय?" तिने विचारले.

"म्हणजे?"

"सोपं विचारतेय. माझं नाव काय?"

"अगं..."

"ते नाव नव्हे."

 लग्नानंतर काही दिवस इवाओसान तिला 'अगं' म्हणत. मुलगा झाल्यावर 'आई' म्हणू लागले. मुलाचे लग्न झाल्यापासून, अधिक सोयीचे म्हणून, पुन्हा 'अगं'वर आले होते. दुकानात येणारे तिला मालकीणबाई म्हणत. नाव होते, अर्थातच होते, ते कोठेतरी ठेवलेले होते. आणि हळूहळू, अंधाऱ्या माळ्यावरून जड पेटी खाली यावी तसे ते त्यांच्या ध्यानात उतरू लागले.

"चिहारु," तीच म्हणाली. "हजार वसंत. कानाएला आई नाही. बाळंतपणाआधीपासून दवाखान्यात मी रोज डबा घेऊन जायची. एक दिवस म्हणाली, 'आई, तुमचं अक्षर देऊ का पोरीला?' तोमोयाचा फोन येताच मी तुम्हाला सांगितलं, तर म्हणालात, कळतं मला कुणाकडून आलंय! मी वेडी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा जास्तीची कोळंबी तळली."

"मला वाटलं, मानाबे..."

"तुम्हाला दुसरं काय वाटणार! तो माणूस शिंकला तरी तुम्हाला वाटतं, तुमच्यापेक्षा छान शिंकला." ती उठली. "थडग्यावर तुमच्या खडकाशेजारी माझे हजार वसंत तुम्हीच कोरलेत. लाल रंगसुद्धा तुम्हीच भरलात. उद्या जा आणि घासून काढा. घराचं तेज खातात ते."

त्या दिवसापासून ती त्यांच्याशी बोलेनाशी झाली. फक्त निजताना तिने लोकरी मोजे घालणे सोडले आणि आपले दोन्ही पाय, जे खरोखरच बर्फासारखे होते, न चुकता त्यांच्या पोटऱ्यांना लावले.

जन्मानंतरच्या सातव्या संध्याकाळी घरात दोन्हीकडची माणसे जमली. लाल भात झाला, शुभकार्याचा 'ताई' नावाचा अख्खा मासा भाजून शेपटी वर करून मांडला गेला, आणि नाव लिहायचा कोरा कागद व दौत इवाओसानांसमोर आली. कारण घराण्यात अक्षर त्यांचेच चांगले. कानाए डोळे सुजवून बाळाला घेऊन बसली होती. मानाबेसान घसा साफ करून उठले.

"मंडळी, मी माझं अक्षर आनंदानं मागं घेत आहे. नातीला आपण खडकाचं नाव..."

"नको!" इवाओसान ओरडले.

"ओनिशीसान, संकोच करू नका."

"संकोच कसला? खडक म्हणजे काय असतं, मला विचारा. जागचा हलत नाही. कुणाचं ऐकत नाही. ऐन उन्हाळ्यात तापतो, ऐन थंडीत गारठतो, आणि वर शेवाळ धरतो!"

"हे खरं आहे," कोपऱ्यातून बायको म्हणाली. चार दिवसांतले तिचे ते पहिले वाक्य.

"पण भक्कम असतो," मानाबेसान हटेनात. "माझा पाइन..."

"पाइनला असू दे! लिहायला शिकेल तेव्हा पोर रडेल. एवढ्या रेघा काढता काढता परीक्षेची वेळ संपेल तिची. नाव वसंताचंच राहील."

"आणि ते भविष्य?" तोमोयाने खवचटपणे विचारले. "नवऱ्याचं पोट? धंदा?"

"खोटं आहे ते. माझं पोट उत्तम आहे आणि माणसं मरायची थांबलेली नाहीत." इवाओसान क्षणभर अडखळले. "पायांचं तेवढं खरं निघालं. पण त्यानं कुणी मरत नाही."

कानाएच्या तोंडून हुंदका निघाला की हसू, ते कोणाला कळले नाही. इवाओसानांनी कुंचला बुडवला आणि दोन अक्षरे लिहिली: एक फळाचे, एक वसंताचे. मिहारु. थडग्यांवर आयुष्य घालवलेल्या हाताने इतके हलके अक्षर यापूर्वी काढले नव्हते.

"अभिनंदन, मानाबेसान!" ओनिशींकडची एक आत्या टाळ्या वाजवत म्हणाली. "शेवटी तुमचंच अक्षर आलं हो!"

"खरंच, केवढं भाग्य!" दुसरे कोणी म्हणाले. मानाबेसान उजवीकडे वाकले, डावीकडे वाकले, आणि पाइनसारखे शोभू लागले.

इवाओसानांच्या छातीत ओळखीची जळजळ उठली. गप्प बसले असते तर कोणाचे काही बिघडले नसते. कानाए त्यांच्याकडे पाहत होती. बायको मान खाली घालून माशाचे काटे काढीत होती.

"ते अक्षर मानाबेसानांचं नाही," ते म्हणाले. "आमच्या..." त्यांनी साकेचा, म्हणजे तांदळाच्या दारूचा, एक घोट घेतला. "आमच्या चिहारुचं आहे."

 तोमोयाने आपल्या बापाकडे असे पाहिले, जणू त्यांनी भर सभेत कोट काढला. चिहारुसानांच्या हातातली काडी थांबली. मग, वर न पाहता, माशाच्या गालाखालचा सगळ्यांत मऊ तुकडा त्यांनी नवऱ्याच्या ताटलीत ठेवला.

"वा! वा! आजीचं अक्षर!" आत्याने नव्याने टाळ्या वाजवल्या, आणि सारे चिहारुसानांकडे वळले.

मानाबेसानही हसत होते. हसू जागच्या जागी होते. परंतु त्याच्या दोन्ही टोकांशी जे काही चालले होते ते इवाओसानांनी लगेच ओळखले, कारण गेले काही दिवस दाढी करताना आरशात त्यांनी तेच पाहिले होते.

थोड्या वेळाने मानाबेसान सरकत सरकत त्यांच्याजवळ आले. त्यांनी अदबीने त्यांचा पेला भरला, आणि आवाज अगदी खाली आणून विचारले,

"ओनिशीसान, त्या रेघा मोजणाऱ्या बाई... देवळाच्या मागं बसतात ना? उद्या असतील का हो?"